शिक्षेवरच्या पलटणीचा पहिला शत्रू: सूटमधली हवा

कोर्ट मार्शल झालेल्या जवानांना शिक्षा म्हणून परग्रहावर धाडलंय, हा लष्करी विज्ञानकथेचा ठरलेला साचा. त्यात एक प्रसंग हमखास येतो. हेल्मेटला तडा जातो, डोळे खोबणीतून बाहेर येतात आणि जवानाचं डोकं फुटतं. शरीर असं फुटत नाही.

मंगळच घेऊ, कारण तिथले आकडे मोजलेले आहेत. (हा ग्रह पत्रिकेत कुठल्या घरात बसलाय यावरून आपल्याकडे लग्नं मोडतात. त्याची खरी घातक गोष्ट म्हणजे तिथला हवेचा दाब, आणि तो इथल्या कुणाच्या संसारापर्यंत पोचत नाही.) तो दाब साधारण 600 पास्कल भरतो. पृथ्वीवर समुद्रसपाटीला 1,01,325 असतो. दाब 6,300 पास्कलच्या खाली गेला की 37 अंशांनाच पाणी उकळतं. त्यामुळे लाळ आणि डोळ्यांतलं पाणी उकळेल, पण रक्तवाहिन्यांच्या भिंती आतला दाब धरून ठेवतात, म्हणून रक्त खळाळून उकळत नाही. 1966 मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात नासाच्या एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. जिभेवरची लाळ उकळतेय एवढं त्याला जाणवलं आणि सुमारे 14 सेकंदांत शुद्ध गेली. कक्षात लगेच हवा भरली, म्हणून तो वाचला. शुद्ध इतक्या लवकर जाते कारण फुप्फुसात ऑक्सिजन उलटा रक्तातून बाहेर पडू लागतो, आणि तसं रिकामं रक्त काही सेकंदांत मेंदूत पोचतं. अशा वेळी श्वास रोखून धरणारा आधी मरतो. आतली हवा फुप्फुसं फाडते.

पण सूट शाबूत असला तरी लढणं सोपं नाही, आणि कथालेखक नेमकं हेच विसरतात. अंतराळस्थानकावरच्या अमेरिकी सूटमध्ये 29.6 किलोपास्कल (म्हणजे 29,600 पास्कल) दाबाने शुद्ध ऑक्सिजन असतो. टच्च हवा भरलेली सायकलची ट्यूब वाकवून बघा. तिथेच सगळं कळतं. वाकवलं की आतली जागा कमी होते, म्हणजे हवा दाबावी लागते. ते काम म्हणजे दाब गुणिले घटलेलं आकारमान. समजा कोपर वाकवताना आतली जागा 300 मिलिलिटरने घटली, तर दर खेपेला सुमारे 9 ज्यूल खर्च. पृथ्वीवर एक किलोचं वजन 90 सेंटिमीटर उचलण्याइतके. शिवाय हात सोडला की सूट तो पुन्हा सरळ करतो, म्हणजे वाकलेला ठेवायलाही जोर लागतो. 1965 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्हचा सूट असाच फुगून ताठ झाला. आतला दाब कमी केल्यावरच त्याला यानात परत शिरता आलं.

यावर उपाय म्हणजे आकारमान न बदलणारा सांधा. सांध्याला घड्या घालतात आणि दोन्ही बाजूंना न ताणणाऱ्या पट्ट्या लावतात. आतल्या बाजूच्या घड्या मिटतात तेवढ्याच बाहेरच्या उलगडतात, जागा तेवढीच राहते. दंड आणि मनगट फिरायला गोल बेअरिंग. खांदा, कोपर, गुडघा यांना हे जमतं. बोटांना पुरतं जमत नाही, कारण तिथे एवढी यंत्रणा बसवायला जागाच नसते. अंतराळवीरांची नखं उखडल्याच्या नोंदी आहेत. बंदूक मंगळावर चालेल, काडतुसाच्या दारूत स्वतःचा ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ असतो. पण त्या जाड बोटाने ट्रिगर किती वेळा दाबणार?

मग दाब आणखी कमी का करू नये? शुद्ध ऑक्सिजन असला तरी एका मर्यादेखाली श्वास पुरत नाही. दुसरी अडचण नायट्रोजनची. नेहमीच्या हवेत राहणाऱ्याच्या ऊतींत नायट्रोजनचा दाब सुमारे 79 किलोपास्कल. सूटच्या 29.6 ला भागलं तर गुणोत्तर 2.7 येतं. ते 1.65 च्या आसपास आणलं नाही तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी मज्जारज्जूवर घाला येतो. त्यासाठी आधी चारेक तास शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागतं. म्हणजे भोंगा वाजला आणि पलटण सूट चढवून बाहेर धावली, हे दृश्य बादच. तळावरच 56 किलोपास्कल दाब आणि 34 टक्के ऑक्सिजन ठेवला तर नायट्रोजन 37 वर येतो आणि गुणोत्तर 1.25. मग लवकर निघता येतं, पण त्या हवेत आग भराभर पसरते. मंगळावरच्या वस्त्यांची चकचकीत चित्रं विकणारे यातलं काही दाखवत नाहीत.

आता छर्रा लागून 4 मिलिमीटरचं भोक पडलं असं धरू. त्यातून सेकंदाला सुमारे 2 लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण 45 ग्रॅम ऑक्सिजन जातो. आणीबाणीच्या टाकीत सुमारे 1.2 किलो मावतो. म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटं. ताशी 4 किलोमीटरच्या चालीने तेवढ्यात जेमतेम पावणेदोन किलोमीटर होतात, त्यामुळे गस्त तळापासून त्याहून लांब न्यायची नाही. छर्रा आरपार गेला असेल तर भोकं दोन, आणि अंतर निम्मं.