सांकेइ (जपानची तीन दृश्ये)

जपानमधील सर्वांत देखणी मानलेली समुद्रकाठची तीन ठिकाणे ‘सांकेइ’ म्हणजे ‘तीन दृश्ये’ या नावाने ओळखली जातात : ईशान्येकडील मियागी प्रांतातला मात्सुशिमा उपसागर, क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरचा आमानोहाशिदाते हा वाळूचा दांडा आणि हिरोशिमाजवळचे मियाजिमा बेट. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला पंडित हायाशी गाहो याने १६४३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही तिन्ही नावे एकत्र घेतली. पुढे प्रवासवर्णने आणि लाकडी ठशांची रंगीत चित्रे यांतून ती सर्वतोमुखी झाली. गाहोच्या जन्मदिवशी, २१ जुलैला, आता ‘सांकेइ दिन’ पाळतात.

या यादीत फुजी पर्वत नाही, हे बाहेरच्या वाचकाला पहिल्यांदा खटकते. पण तिन्ही ठिकाणे शेजारी ठेवून पाहिली की निवडीमागची दृष्टी उमगते. तिन्हीकडे शांत, आत वळलेला समुद्र आहे, पाइनची झाडे आहेत आणि काठावर एखादे जुने देवस्थान आहे. उंची किंवा भव्यता यांपेक्षा निसर्ग आणि माणसाचा हात यांचा मेळ इथे मोलाचा ठरला. शिवाय तिन्ही ठिकाणांना कवितेचा वारसा होता. पाहणारा तिथे जायचा तो आधी ऐकलेल्या ओळी मनात घेऊनच.

याचा सर्वांत सुंदर दाखला आमानोहाशिदातेचा. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचा पूल’. इझानागी या देवाने स्वर्गात ये-जा करण्यासाठी उभी केलेली शिडी तो झोपला असताना आडवी पडली आणि तिचा हा दांडा झाला, अशी जुनी कथा आहे. अकराव्या शतकात कोशिकिबु नो नाइशी ही तरुण कवयित्री दरबारात होती, तर तिची आई, प्रसिद्ध कवयित्री इझुमी शिकिबु, या भागात राहत होती. ‘आईकडून कविता लिहून आली का?’ असे एका दरबाऱ्याने तिला खिजवले. तिने तिथल्या तिथे कवितेतच उत्तर दिले. त्यातल्या ‘फुमि’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, पाऊल टाकणे आणि पत्र. स्वर्गाच्या त्या पुलावर माझे पाऊल पडलेले नाही आणि तिकडचे पत्रही मी पाहिलेले नाही, असे दोन्ही तिने एका शब्दात सांगितले. नववर्षाला खेळल्या जाणाऱ्या कवितांच्या पत्त्यांमुळे या ओळी आजही जपानी मुलांना तोंडपाठ असतात.

दांडा सुमारे ३.६ किलोमीटर लांब आहे. त्यावर हजारो पाइन आहेत आणि दोन्ही बाजूंना खारे पाणी असूनही मध्येच गोड्या पाण्याची एक विहीर आहे. समोरच्या टेकडीवर जाऊन, दांड्याकडे पाठ करून, कमरेत वाकून दोन पायांमधून पाहण्याची इथली रीत आहे. तसे पाहिले की समुद्राचे आकाश होते आणि दांडा वर चढत जातो. असे पाहताना अंतर आणि आकार वेगळे का भासतात, यावर अभ्यास करणाऱ्या दोन जपानी संशोधकांना २०१६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. हा दांडा आपोआप टिकलेला नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. वाळूचा ओघ अडल्यामुळे तो झिजू लागला, तेव्हा आडवे बांध घालून आणि बाहेरून वाळू आणून टाकून तो राखला गेला.

मात्सुशिमात सुमारे २६० लहान बेटे आहेत. लाटांनी पायथा कोरलेले पांढुरके खडक आणि त्यांच्या माथ्यावर वाऱ्याने वाकलेले पाइन असे त्यांचे रूप. कवी बाशो १६८९ मध्ये इथे आला. त्याने गद्यात या उपसागराचे भरभरून वर्णन केले, पण त्या प्रवासवृत्तांतात मात्सुशिमावरची स्वतःची हायकू घातली नाही. त्याच्या नावावर खपवली जाणारी, नुसते ‘मात्सुशिमा’ पुन्हा पुन्हा म्हणणारी हायकू त्याची नाही. काठावरचे झुइगानजी हे झेन मंदिर सरदार दाते मासामुने याने १६०९ मध्ये नव्याने बांधून पूर्ण केले. २०११ च्या त्सुनामीत याच बेटांनी लाटांचा जोर अडवला आणि शेजारच्या किनाऱ्याच्या मानाने गावाची हानी कमी झाली. मंदिराच्या वाटेवरचे अनेक जुने सुगी (जपानमधला एक उंच सूचिपर्णी) वृक्ष मात्र खाऱ्या पाण्याने गेले.

 

मियाजिमाचे खरे नाव इत्सुकुशिमा. बेटच पवित्र मानलेले, म्हणून मंदिर जमिनीवर न बांधता भरतीच्या पाण्यावर उभे केले. ताइरा नो कियोमोरी या सत्ताधीशाने ११६८ च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. ओसऱ्यांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. उधाणाचे पाणी त्यांतून वर येते आणि जोर ओसरतो. समोर पाण्यात उभी असलेली तांबडी तोरिइ, म्हणजे देवस्थानाची कमान, १८७५ ची असून सुमारे १६ मीटर उंच आहे. तिचे मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ते जमिनीत पुरलेले नाहीत. वरच्या पोकळ तुळईत दगड भरले आहेत आणि त्या भारावर कमान स्थिर राहते. २०१९ ते २०२२ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली. हे मंदिर १९९६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा चेहरा भेटतो. मंदिरातल्या देवीशी शतकानुशतके एकरूप मानली गेलेली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वतीच. दसऱ्याला आपण पाटीवर एकाचे आकडे मांडून जिला पुजतो ती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली आणि तिच्या हाती वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आले. १८६८ नंतर शिंतो (जपानचा मूळ धर्म) आणि बौद्ध उपासना सरकारी आदेशाने वेगळ्या केल्या गेल्या, तेव्हा तिची मूर्ती शेजारच्या दाइगानजी मंदिरात गेली.

नावेने बेटावर पोचायला दहा मिनिटे लागतात. बहुतेक प्रवासी दोन-तीन तासांत परततात आणि त्यांना अर्धेच दृश्य दिसते. भरतीला कमान तरंगते. ओहोटीला चिखलातून चालत तिच्या पायथ्याशी जाता येते आणि खांबांना चिकटलेले शिंपले दिसतात. या दोन वेळांत सुमारे सहा तासांचे अंतर असते, म्हणून वेळापत्रक पाहून जावे किंवा रात्री बेटावरच मुक्काम करावा.