चेंगदूचा तियानफू चौक: एवढं सगळं पाडून हाती आलं काय?

चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी चेंगदू म्हटलं की आपल्याकडे पांडा आठवतात, फार तर तो तिखटजाळ हॉटपॉट. पण शहराच्या अगदी बेंबीत जो तियानफू चौक आहे त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर बोलण्यासारखं तिथे आता उरलंय तरी काय. सुमारे 88 हजार चौरस मीटर जागा, यिन-यांगचं (एकमेकांत गुंतलेल्या दोन अर्धांच्या चिनी वर्तुळाचं) डिझाइन, खाली उतरणारे दोन प्लाझा, ड्रॅगनवाली कारंजी, आणि चहूबाजूंनी एवढे रुंद रस्ते की चौकात जायचं तर बहुतेकदा जमिनीखालूनच वर यायचं. मधोमध सोनेरी सूर्यपक्षी, म्हणजे 2001 मध्ये तिथल्याच जिनशा भागात सापडलेल्या प्राचीन सोन्याच्या पत्र्यावरचं चिन्ह. सूर्यपक्षी लावला कुठे, तर जिथले कुत्रे सूर्य दिसला की दचकून भुंकतात अशी जुनी चिनी म्हण आहे त्या सिचुआनात, कारण बाराही महिने आभाळ भरलेलं!

आता मागे जाऊ. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट हुंगवू, त्याचा अकरावा मुलगा जू छुन याला शू प्रांताचा, म्हणजे सिचुआनचा, राजा केलं आणि 1380 च्या दशकात त्याच्यासाठी इथे मोठा राजवाडा बांधला. तट, खंदक, दरवाजे सगळं साग्रसंगीत. लोक त्या भागाला ‘ह्वांगछंग’ म्हणजे बादशाही नगर म्हणायला लागले, खरा बादशहा तिथे कधी राहिला नाही तरीही. 1644 मध्ये बंडखोर जांग श्येनजुंग आला, त्याने तिथेच आपलं राज्य जाहीर केलं आणि दोन वर्षांनी शहर सोडून जाताना वाडा जाळून टाकला. मग मिंगनंतर आलेल्या छिंग राजवटीने 1665 मध्ये त्याच जागेवर सरकारी परीक्षेचं केंद्र उभारलं. छोट्या छोट्या खोल्यांच्या रांगाच रांगा, उमेदवार आत कोंडलेले, बाहेर पहारा. 1905 मध्ये ती परीक्षापद्धतच बंद झाली आणि 1911 च्या, छिंग राजवट उलथवणाऱ्या क्रांतीत सिचुआनचं नवं लष्करी सरकार याच आवारात स्थापन झालं.

आणि गंमत म्हणजे या जागेचा खरा बहर आला तो त्यानंतर, म्हणजे सत्ता डळमळीत असताना. दरवाज्यासमोरचं मोकळं मैदान, ह्वांगछंगबा, तिथे खाण्याचे ठेले, कथा सांगणारे, कसरतवाले, भविष्य सांगणारे असा सगळा बाजार भरायचा. शेजारी हुई म्हणजे चिनी मुसलमानांची वस्ती, मशीद, त्यामुळे बीफचे पदार्थ तिथले फेमस. ‘फूची फेइफ्यान’ नावाची थंड, लाल तिखट तेलात बुडवलेल्या मांसाच्या कापांची जी डिश आज चीनभर खातात तिचं मूळही याच परिसरातल्या ठेल्यांकडे नेतात. तिथे कोणी काही डिझाइन केलं नव्हतं, लोकांनी जागा वापरली एवढंच.

1949 नंतर रस्ते रुंद झाले, परेडसाठी मैदान मोकळं झालं. आणि मग सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं ते सगळं मोडायची माओंची मोहीम. 1968 मध्ये जुना दरवाजा आणि आतल्या उरल्यासुरल्या इमारती पाडून माओ विचारांचा जयजयकार करणारं अवाढव्य प्रदर्शनगृह बांधायला घेतलं, समोर माओंचा पुतळा, हात उंचावलेला. पुतळ्याची उंची 12.26 मीटर सांगतात, का तर माओंचा वाढदिवस 26 डिसेंबर! त्यानंतर खंदकाचाही नंबर लागला, अणुयुद्धाच्या धास्तीने त्याचा बॉम्बपासून लपायचा भुयारी निवारा केला आणि पुढे त्याच भुयारात दुकानं आली. ते प्रदर्शनगृह आता विज्ञान संग्रहालय आहे, माओ मात्र जागचे हललेले नाहीत.

1990 च्या दशकात चौक वाढवायचा म्हणून जुनी मशीद पाडून पलीकडे नवी बांधली, आसपासची घरं गेली. 2005 च्या डिसेंबरात मेट्रोचं काम सुरू झालं आणि पुन्हा सगळं खणलं. पहिली लाइन 27 सप्टेंबर 2010 ला धावली, दुसरी 2012 मध्ये, आणि इंटरचेंज म्हणून चौकाखालचं स्टेशन कायम गजबजलेलं असतं. सध्याचं रूप याच टप्प्यातलं. माझ्या मते घोळ इथेच झाला, कारण वाहतुकीचा प्रश्न इंजिनिअरांनी सोडवला, वरचा पृष्ठभाग शोभेसाठी सोडला, आणि बसायचं कुठे, चहा कुठे प्यायचा हे बहुधा कोणी विचारलंच नाही. चहाखान्यांसाठी ओळखलं जाणारं शहर हे!

अर्थात विचारलं नाही की विचारायचंच नव्हतं, हाही मुद्दा आहे. जून 1989 मध्ये, बीजिंगच्या तिआनमेन आंदोलनाच्या वेळी, याच चौकातून लोकशाहीवादी आंदोलकांना हटवल्यावर शहरात कित्येक तास चकमकी झाल्या होत्या. डिसेंबर 2016 मध्ये धुरकट हवेविरुद्ध लोक जमतील अशी कुणकुण लागली तेव्हा पोलिसांनी चौकच बंद केला. चारी बाजूंनी रस्ते आणि मोजक्या वाटा असल्या की हे काम सोपं होतं.

चेंगदूकरांनी यावर वाद घालत बसण्यापेक्षा पाय दुसरीकडे वळवले. चौकाच्या पश्चिमेला चालत जाण्याच्या अंतरावर पीपल्स पार्क आहे, 1911 चं, तिथे बांबूच्या खुर्च्या टाकून लोक दिवसभर बसतात, पत्ते खेळतात, कान कोरून घेतात (हो, तिथे त्याचे पैसे घेणारे कारागीर आहेत), आणि मुलामुलींच्या लग्नासाठी स्थळांचे कागद लावणारे आईबापही तिथेच. चौकात नव्याने भर पडली ती कडेच्या चेंगदू म्युझियमची, 2016 चं. त्यात साडेआठ टनांचा दगडी गेंडा आहे, चौकाशेजारीच थिएटरच्या जागेवर खोदताना निघालेला, दोन हजार वर्षांहून जुना. तो बघायला लोक आवर्जून जातात, चौकातून मात्र नुसते आरपार निघून जातात.