अमेरिकन चेस्टनट: करपा, संकर आणि पुनर्लागवड

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडे वाळू लागल्याचे तिथले वनाधिकारी हर्मन मर्केल यांच्या लक्षात आले. या रोगाची, म्हणजे करप्याची, बुरशी मूळची पूर्व आशियातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयात झालेल्या जपानी चेस्टनटच्या रोपांबरोबर ती आली, असे मानले जाते. मेनपासून अलाबामापर्यंत अॅपलाचियन डोंगरांत वाढणाऱ्या अमेरिकन चेस्टनटची तिच्याशी पूर्वी कधी गाठच पडली नव्हती. १९५० च्या सुमारास तीन ते चार अब्ज झाडे संपलेली होती.

बुरशी सालीवरच्या बारीक जखमेतून आत शिरते आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडून सालीखालचा जिवंत थर मारते. साल फुगते, तडकते, तिच्यावर नारंगी पुटकुळ्या उठतात. व्रणाने खोडाला पुरता वेढा घातला की वरचा भाग वाळतो. जमिनीखाली मात्र मातीतले सूक्ष्मजीव बुरशीला वाढू देत नाहीत. त्यामुळे मूळ वाचते आणि बुंध्यातून धुमारे फुटत राहतात. ते मनगटाएवढे जाड होऊन सालीला भेगा पडू लागल्या की रोग पुन्हा गाठतो. व्रणावर झाडाच्या बुडाची ओली माती थापून प्लॅस्टिकने बांधण्याचा उपाय याच निरीक्षणातून आला. एखादे मोलाचे झाड त्याने वाचते. जंगल वाचत नाही.

पेनसिल्व्हेनियाने १९११ मध्ये खास आयोग नेमून रोगट झाडे तोडण्याची मोहीम काढली. ती फसली. बीजाणू वारा, पाऊस, कीटक आणि पक्ष्यांबरोबर पुढे जात होते आणि बुरशी काही ओक जातींवरही तग धरत होती. पुढे सगळे मरणारच या समजुतीने ठिकठिकाणी निरोगी झाडेही लाकडासाठी तोडली गेली. आमच्या मते हे नुकसान रोगाइतकेच गंभीर होते, कारण थोडीफार प्रतिकारशक्ती असलेली झाडेही त्यात गेली असणार.

युरोपात वेगळेच घडले. १९५० च्या दशकात इटलीत व्रण आपोआप भरताना दिसले, कारण तिथे एका विषाणूने बुरशीलाच कमजोर केले होते. अमेरिकेत हा उपाय फारसा पसरला नाही. तिथे बुरशीचे प्रकार फार आहेत आणि न जुळणाऱ्या प्रकारांत विषाणू सहज संक्रमित होत नाही.

मक्याचे जनुकतज्ज्ञ चार्ल्स बर्नहॅम यांनी मांडलेल्या योजनेवर १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन उभे राहिले. रोग सोसणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करायचा, मग संततीचा अमेरिकन झाडाशी पुन्हा पुन्हा संकर करायचा, अशी ती योजना. तिसऱ्या फेरीत सरासरी सोळापैकी पंधरा भाग वारसा अमेरिकन होतो. प्रतिकारशक्ती पारखण्यासाठी सालीला भोक पाडून त्यात बुरशीची चकती बसवतात आणि काही महिन्यांनी व्रण मोजतात. प्रतिकारशक्ती दोन-तीन जनुकांत असेल, हा मूळ अंदाज चुकला. ती अनेक गुणसूत्रांवर विखुरलेली निघाली. त्यामुळे अमेरिकन वारसा वाढवला की प्रतिकार घटतो.

सिराक्यूजच्या विद्यापीठात विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी गव्हाचे ऑक्झॅलिक आम्ल मोडणारे जनुक झाडात घातले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मात्र यातल्या डार्लिंग ५८ या वाणाची म्हणून तपासलेली झाडे प्रत्यक्षात डार्लिंग ५४ या दुसऱ्या वाणाची असल्याचे जाहीर झाले. वाढही असमाधानकारक होती. फाउंडेशनने पाठिंबा काढून घेतला. विद्यापीठाने काम चालू ठेवले.

लागवडीत पहिली चूक बियाण्याची होते. बी फणसाच्या आठळीसारखे वाळले की मरते. म्हणून गोळा करताच ते ओलसर पीटमध्ये (दलदलीतल्या कुजक्या शेवाळात), फ्रिजमध्ये १ ते ३ अंशांवर सुमारे तीन महिने ठेवतात. पीट मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल तर बुरशी येते. मार्च-एप्रिलमध्ये २ ते ३ सेंटिमीटर खोल पेरून भोवती नळी लावतात. नळीचे बूड मातीत रोवले नाही तर उंदीर बी काढून नेतात. जमीन आम्लधर्मी आणि निचऱ्याची हवी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात, तर पाणी साचणाऱ्या जमिनीत फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव मुळेच कुजवतो. दक्षिणेकडे हा दुसरा रोग करप्याइतकाच घातक आहे आणि करपा सोसणारे झाडही त्याने मरते.

बागायतदार मुख्यतः चिनी जात आणि तिचे संकर लावतात. झाड स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, म्हणून किमान दोन वेगळ्या वाणांची झाडे लागतात. पडलेली फळे रोज वेचून ४९ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवली की सोंडकिड्याच्या अळ्या मरतात. पाणी याहून गरम झाले तर बियाण्याची उगवण जाते.

रानातले धुमारे अजून हजारो ठिकाणी जिवंत आहेत. वरची सावली कमी केल्यावर त्यांतले काही मरण्यापूर्वी फुलतात. तेव्हा त्यांचे पराग आणि बी घेऊन प्रत्येक भागातला वारसा वेगळ्या बागेत जपावा लागतो, कारण संकराला लागणारी अमेरिकन बाजू तिथूनच येते.