एच-१बी: ऑफिसमधल्या धुसफुशीची कायदेशीर मुळं

अमेरिकेतल्या आयटी कंपन्यांमध्ये स्थानिक आणि भारतीय कर्मचाऱ्यांत जी धुसफूस चालते, तिला 'संस्कृतीतला फरक' म्हणून लोक मोकळे होतात. भारतीय माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, अशक्य डेडलाइनलाही 'होऊन जाईल' म्हणतो, मॅनेजरला उलटून बोलत नाही. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण या गप्प बसण्यामागे संस्कारांपेक्षा एच-१बीचा, म्हणजे कुशल परदेशी माणसाला अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाचा, हात मोठा आहे.

१९९० च्या इमिग्रेशन कायद्याने एच-१बीची चौकट घातली: वर्षाला ६५,००० व्हिसा, पदवी लागेल असं काम, जास्तीत जास्त सहा वर्षं मुक्काम. कळीची गोष्ट म्हणजे अर्ज कर्मचारी करत नाही, कंपनी करते. पुढे वायटूके (सन २००० साठी संगणकांतल्या तारखांची दुरुस्ती) आणि डॉट-कॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या लाटेत माणसं कमी पडू लागली, तेव्हा मर्यादा आधी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० झाली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या ठेवल्या.

२००० च्या कायद्याने नोकरी बदलणं सोपं केलं, निदान कागदावर. ग्रीन कार्डात (कायम राहण्याच्या परवान्यात) मात्र कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. कंपनी बदलली की बहुतेक वेळा ग्रीन कार्डाच्या अर्जाची बरीचशी कागदपत्रं नव्याने करावी लागतात. नोकरी गेलीच, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि तीही सवलत २०१७ पासूनची. मुलं तिथल्या शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. मॅनेजरशी वाद कोण घालेल?

स्थानिकांचा रागही हवेतून आलेला नाही. एच-१बी कर्मचाऱ्यांवर फार अवलंबून असलेल्या कंपन्यांनी स्थानिकांना काढून त्यांच्या जागी परदेशी माणूस बसवू नये, असं १९९८ चा कायदा सांगतो. पण परदेशी माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर दिले की त्याच्यापुरती ही अट लागूच होत नाही. हा आकडा महागाईबरोबर कधी वाढवला गेला नाही. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेचं प्रकरण गाजलं, ते याच पार्श्वभूमीवर. तिथल्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना नोकरी जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावं लागलं. शिकवणारा चिडलेला, शिकणारा अवघडलेला, आणि हे सगळं ठरवणारा दोघांच्याही समोर नाही.

कायद्यातली एक बारीक तरतूद तर ताण थेट भिंतीवर लावते. युनियन नसेल तर एच-१बी अर्जाची नोटीस कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते (आता ईमेल वा इंट्रानेटही चालतं). नाव नसतं, पण पद आणि पगार असतो. टीम लहान असली की कोणाचा अर्ज ते न सांगता कळतं.

बॉस भारतीय असला की सगळं सुरळीत होतं, हाही भ्रमच. कामाच्या ठिकाणच्या जातिभेदाच्या तक्रारी पुढे आल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. परदेशातून माणूस आणणं त्यामुळे महागलं, पण अर्ज अजूनही कंपनीच करते.