फ्रेडी द पिग (पुस्तकमालिका)

फ्रेडी द पिग ही अमेरिकन लेखक वॉल्टर आर. ब्रूक्स यांची लहान मुलांसाठीची पुस्तकमालिका, 1927 ते 1958 या काळात आलेली, एकूण 26 पुस्तकं. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात सेंटरबरो नावाचं एक काल्पनिक गाव आहे, त्याच्या जवळ मिस्टर बीनचं शेत, आणि त्या शेतावरची गाय, घोडा, कोंबडा, मांजर, बदकं, उंदीर, कोळी असे सगळे बोलतात, भांडतात, सभा घेतात आणि अडचणीत सापडतात. त्यातला फ्रेडी नावाचा डुक्कर हा डिटेक्टिव्ह. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की शिवीच, इथे मात्र तो कवी आहे, संपादक आहे, बँकेचा प्रेसिडेंट आहे आणि शिवाय आळशी पण आहे, ते शेवटपर्यंत सुटत नाही.

मजा म्हणजे पहिल्या पुस्तकात फ्रेडी हिरो नव्हताच. 1927 च्या त्या पुस्तकाचं नाव ‘टू अँड अगेन’, त्यात थंडीला कंटाळलेले प्राणी ठरवतात की पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जातात तर आपण का नाही, आणि पायी फ्लोरिडाला निघतात, वाटेत त्यांना सोनं सापडतं, ते घेऊन परत येतात आणि मालकाची परिस्थिती सुधारते. फ्रेडी त्यात अनेकांपैकी एक, थोडा हुशार, गाणी रचणारा. पण लेखकाच्या लक्षात आलं असणार की हाच गडी चालतोय, कारण पुढे त्याचंच नाव मालिकेला लागलं आणि जुनी पुस्तकंसुद्धा नाव बदलून परत छापली, ‘टू अँड अगेन’चं झालं ‘फ्रेडी गोज टू फ्लोरिडा’.

रहस्यकथा म्हणून मालिका खरी सुरू होते ती 1932 च्या ‘फ्रेडी द डिटेक्टिव्ह’पासून, आणि कुणाला एकच पुस्तक वाचायचं असेल तर हेच वाचावं असं माझं मत. फ्रेडीने शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचलेल्या असतात आणि त्याला वाटतं की हे तर आपल्यालाही जमेल. पहिली केस येते एव्हरेटच्या खेळण्यातल्या आगगाडीची. एव्हरेट म्हणजे बीन कुटुंबात वाढणारा मुलगा, त्याची गाडी चोरीला गेलेली असते. चोर कोण तर सायमन नावाचा म्हातारा, गोडबोल्या आणि महा बेरकी घूस म्हणावा असा उंदीर आणि त्याचं खानदान, जे बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या कोठारात, ठाण मांडून बसलंय. आता ह्यांना आगगाडी कशाला? तर बार्नची राखण जिंक्स नावाच्या काळ्या बोक्याकडे आहे, धान्याच्या पेटीपर्यंत उघड्यावर जायचं म्हणजे मरण, म्हणून हे लोक गाडीच्या आत शिरतात आणि ती ढकलत ढकलत धान्यापर्यंत नेतात, भरून घेतात आणि परत. बोका बाहेरून पत्र्यावर पंजे मारत बसतो. म्हणजे चक्क चिलखती गाडी! मुलांच्या पुस्तकात चोरीची इतकी पटणारी पद्धत मी तरी फार कमी पाहिलीय, कारण ती उंदराच्या आकारातून आणि मांजराच्या भीतीतून आलेली आहे, लेखकाने वरून चिकटवलेली नाही.

आणि हीच ब्रूक्सची खरी करामत. प्राणी बोलतात पण म्हणून ते कपडे घातलेली माणसं होत नाहीत. कोळ्याचं जोडपं आहे, मिस्टर आणि मिसेस वेब, ते कुणाच्याही घरात छताला लटकून सगळं ऐकून येऊ शकतात, उंदीर फटीतून जातात, घुबड रात्री बाहेर असतं आणि दिवसा उठवलं की खेकसतं. फ्रेडी मात्र डुक्करच, त्यामुळे त्याला पाळत ठेवायची तर वेषांतर करावं लागतं, जुने कपडे घालून दोन पायांवर चालावं लागतं. वेषांतराची त्याला भयंकर हौस, आणि त्याला वाटतं तेवढं ते जमत नाही ही गोष्ट वेगळी.

त्याच पुस्तकात शेतावर तुरुंग पण निघतो. गुन्हे पकडले तर गुन्हेगार ठेवायचे कुठे, म्हणून तबेल्याचा एक भाग तुरुंग ठरतो आणि चार्ल्स नावाचा कोंबडा न्यायाधीश होतो, ज्याला भाषणं करायची प्रचंड आवड आणि बायको हेन्रिएटाचा तेवढाच धाक. पण आत काम नाही, खायला मिळतं, दिवसभर खेळ चालतात, त्यामुळे बाहेरच्यांना आत जायची घाई होते आणि लोक मुद्दाम किरकोळ गुन्हे करायला लागतात. मग उंदीर जिंक्सवरच आळ घेतात की याने कावळा खाल्ला, आणि मित्राला सोडवायला फ्रेडीला कोर्टात उभं राहावं लागतं. खटल्याचा तो भाग मुलांना हसवतो, पण पुरावा पेरणं म्हणजे काय हे पण त्यात नीट समजतं.

फ्रेडीची पार्टनर आहे मिसेस विगिन्स नावाची गाय. तिचं स्वतःबद्दलचं मत असं की आपल्याला डोकं नाही, पण शेतावर सगळ्यात जास्त कॉमन सेन्स तिच्याकडेच, आणि फ्रेडी हवेत जायला लागला की तीच त्याला जमिनीवर आणते. 1939 च्या ‘विगिन्स फॉर प्रेसिडेंट’मध्ये तर प्राणी आपलं प्रजासत्ताक स्थापन करतात, बँक काढतात, निवडणूक घेतात, आणि वॉशिंग्टनहून आलेले सुतारपक्षी हळूहळू सगळं ताब्यात घ्यायला बघतात. शेतावरचे प्राणी आणि राजकारण म्हटलं की सगळ्यांना जॉर्ज ऑर्वेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही 1945 ची कादंबरी आठवते, पण हे त्याच्या सहा वर्षं आधीचं आहे आणि सूर एकदम वेगळा, इथे गाय निवडून येते आणि राज्य चालतं. पुढे 1956 ला ‘फ्रेडी अँड सायमन द डिक्टेटर’ आलं, त्यात तोच म्हातारा उंदीर हुकूमशहा व्हायला निघतो.

बाकीची पुस्तकं सगळीच रहस्यकथा नाहीत हे सांगायला हवं. काही साहसाची, काही सर्कशीची, 1950 नंतर तर मंगळावरचे लोक येतात, बेसबॉल खेळतात, उडत्या तबकडीचे प्लॅन्स चोरीला जायची वेळ येते. त्या काळात अमेरिकेत उडत्या तबकड्यांचं वेडच होतं, ते असं आत शिरलंय. पण गुन्ह्याचा धागा बहुतेक ठिकाणी असतो: 1941 च्या ‘फ्रेडी अँड द इग्नॉर्मस’मध्ये जंगलातल्या एका राक्षसाच्या भीतीने सगळे गारठलेत आणि त्या भीतीमागे कोण आहे हे शोधायचंय, तर 1949 च्या ‘फ्रेडी प्लेज फुटबॉल’मध्ये एक भामटा मिसेस बीनचा हरवलेला भाऊ म्हणून घरात येऊन बसतो. इग्नॉर्मसमध्ये फ्रेडी खरोखर घाबरतो, आणि घाबरत घाबरतच जंगलात जातो. शूर डिटेक्टिव्हपेक्षा हा मला जास्त खरा वाटतो.

माणसं आणि प्राणी यांचं नातं पण बघण्यासारखं. सुरुवातीला प्राणी आपापसातच बोलतात, नंतर नंतर गावात जाऊन माणसांशी बिनधास्त गप्पा मारतात आणि कुणाला फारसं नवल वाटत नाही. फक्त मिस्टर बीन, दाढीवाला, पाइप ओढणारा, कमी बोलणारा शेतकरी, त्याला आपली जनावरं बोलली की अवघडल्यासारखं होतं. त्याला त्यांचा अभिमान आहे पण तोंडावर सांगणार नाही, आपल्या गावाकडचे आजोबा आठवावेत तसा. सेंटरबरोचा शेरीफ फ्रेडीचा दोस्त, त्याचा तुरुंग पण इतका आरामाचा की कैद्यांना सुटका नको असते. म्हणजे लेखकाला हा जोक फार आवडलेला दिसतो.

वॉल्टर रॉलिन ब्रूक्स यांचा जन्म 1886 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा. रेड क्रॉसमध्ये आणि मग मासिकांमध्ये त्यांनी नोकऱ्या केल्या, पहिलं मुलांचं पुस्तक आलं तेव्हा चाळिशी उलटलेली होती. प्रकाशक क्नॉफ. पहिल्या पुस्तकाची चित्रं अडोल्फो बेस्ट-मौगार्ड यांची होती, नंतर जर्मनीत जन्मलेले कर्ट वीझे आले आणि फ्रेडीचा चेहरा म्हणून जो लोकांना आठवतो तो त्यांचाच. 1953 ला तर फ्रेडीच्या कवितांचा वेगळा संग्रह निघाला, डुकराच्या नावावर कवितासंग्रह! फ्रेडी आपल्या डुक्करखान्याच्या कोपऱ्यातल्या अभ्यासिकेत टाइपरायटरवर खुरांनी कविता बडवतो, ‘बीन होम न्यूज’ नावाचं पेपर पण तिथूनच चालवतो, आणि काम आलं की आधी एक डुलकी काढतो.

ब्रूक्स 1958 मध्ये गेले, शेवटचं ‘फ्रेडी अँड द ड्रॅगन’ त्याच वर्षीचं. नंतर पुस्तकं हळूहळू छापायची बंद झाली, लायब्ररीतल्या फाटक्या प्रतींवर लोक भागवत होते, आणि 1980 च्या दशकात मोठे झालेल्या वाचकांनी ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेडी’ नावाची मंडळी जमवली. 1990 च्या दशकाच्या शेवटी ओव्हरलुक प्रेसने पुस्तकं पुन्हा काढायला घेतली आणि पुढच्या काही वर्षांत सगळी 26 परत मिळायला लागली.

ब्रूक्सनी मोठ्यांसाठी मासिकांत कथा पण लिहिल्या, त्यात एड नावाचा एक बोलणारा घोडा होता. त्याच्यावर अमेरिकेत ‘मिस्टर एड’ ही टीव्ही मालिका निघाली, 1961 ते 1966 चालली आणि जाम गाजली. ती सुरू झाली तेव्हा ब्रूक्सना जाऊन तीनेक वर्षं झाली होती.