पोवाड्यातली लढाई: कोणी सांगितली, कोणासाठी सांगितली

अफझलखानाचा वध झाला 10 नोव्हेंबर 1659 रोजी. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुन्यांपैकी एक. रचणाऱ्याला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, हे त्या पोवाड्यातच गायलेलं आहे. पोवाड्यातलं युद्ध वाचताना हा तोडा विसरून चालत नाही. शाहिराला आश्रय देणारा बहुधा जिंकलेल्या बाजूचा, त्यामुळे वर्णनाचा भर सरदारांची नावं, पोशाख, हत्यारं आणि आवेशावर. रसद, कर्ज, उजाड गावं यांना डफाच्या तालात फारशी जागा नसते.

दुसरी मागणी श्रोत्यांची. सिंहगड 1670 साली घेतला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढंच येतं. तुळशीदासाच्या पोवाड्यात मात्र घोरपड आली, रायबाचं लग्न आलं, आणि पुढे लोकांच्या मनात तोच गड उरला. याला खोटेपणा म्हणणं मला पटत नाही. रात्रभर जागणाऱ्या गर्दीला कडा किती अवघड होता हे पटवायचं, तर घोरपड आकड्यांपेक्षा जास्त कामाची. इतिहासकाराने मात्र ती पुरावा म्हणून वापरू नये.

पेशवाईच्या उत्तरार्धात सूर बदलला. 1795 च्या खर्ड्याच्या विजयावर अनंत फंदीने उत्साहाने गायलं. सगनभाऊ हा धंद्याने शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी. त्याच्या वाट्याला 1817 ची खडकीची लढाई आली. पराभव गायचा म्हणजे दोष कोणाला द्यायचा हा पेच येतोच. अशा वेळी दैव, फितुरी आणि फिरलेले दिवस शाहिराच्या मदतीला येतात.

तोंडी फिरणाऱ्या या रचना हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोळा करून 1891 मध्ये छापल्या, म्हणून त्यांतल्या बऱ्याचशा आज वाचायला मिळतात. त्याआधीच, 1869 मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून नायकाला ‘कुळवाडीभूषण’, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण, म्हटलं होतं. इथे बक्षीस देणारा दरबार नव्हता, आणि लढाई कोणाची हा प्रश्नच बदलला. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, तेव्हा चाल मराठी, रणांगण व्होल्गाकाठचं आणि ऐकणारे मुंबईतले कामगार होते.