घडीच्या फोनवरची काच, आणि काचेवरचं प्लास्टिक

कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी त्या घडीवरच चिरते. म्हणून जाणत्या बायका अधूनमधून घडी बदलून ठेवतात. घडीच्या फोनला ही सोय नाही. तो आयुष्यभर एकाच रेषेवर दुमडायचा. दिवसातून 100 वेळा उघडमीट धरली तर पाच वर्षांत दोन लाखांच्या आसपास घड्या होतात.

दुमडण्याच्या कामाला आधी पुढे आलं ते पॉलिइमाइड नावाचं प्लास्टिक. 1960च्या दशकात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने काढलेलं ‘कॅप्टॉन’ (Kapton) हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. अपोलोच्या चांद्रयानाला गुंडाळलेल्या सोनेरी आवरणात तेच होतं. उष्णता सोसणारं, चिवट, पण पिवळसर. स्क्रीनवर पिवळा पडदा कोण लावून घेईल? म्हणून रेणूची रचना बदलून रंगहीन पॉलिइमाइड तयार करण्यात आलं.

2018च्या अखेरीस रोयोल कंपनीचा फ्लेक्सपाय हा घडीचा फोन आला, पण गाजला तो 2019चा सॅमसंग गॅलेक्सी फोल्ड, आणि तोही आधी चुकीच्या कारणाने. परीक्षणासाठी ज्यांना फोन मिळाले त्यांच्यापैकी काहींनी स्क्रीनवरचा पापुद्रा नेहमीचा स्क्रीन गार्ड समजून सोलून काढला. दोष त्यांचा म्हणवत नाही. नवा फोन हातात आला की प्लास्टिक सोलायचं, ही आपल्या बोटांची सवयच. तो पापुद्रा स्क्रीनचाच भाग होता. एप्रिलची विक्री सप्टेंबरवर गेली आणि पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली दडवण्यात आल्या.

मग प्लास्टिकऐवजी पुन्हा काच. काच वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. वाक तोच ठेवून जाडी निम्मी केली तर ताणही निम्मा होतो. 2020च्या गॅलेक्सी झेड फ्लिपमध्ये जेमतेम 30 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाहून बारीक काच आली. अशा काचेला बळ देण्यासाठी ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम आयन (विद्युतभारित अणू) शिरतात, पृष्ठभाग आतून दाबला जातो आणि चीर पसरायला कचरते.

तरीही त्या स्क्रीनवर नखाचा ओरखडा उठतच होता. कारण इतकी पातळ काच उघडी ठेवता येत नाही, तिच्यावर प्लास्टिकचा थर द्यावाच लागतो. बोट टेकतं ते त्या थरावर. वरून टेम्पर्ड ग्लास लावावा म्हटलं तर तो दुमडत नाही.